पडद्याबाहेरचं टेबल

साखरपुडा झाला की मुलाने मुलीला भेटायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. ती कुणी सांगावी लागत नसे. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो माणूस रस्त्यात दिसला, तर मुलीने वाट बदलायची. माझ्या एका चुलत बहिणीला खालापूरच्या बाजारात तिचा होणारा नवरा दिसला, तेव्हा ती घेतलेली भाजी दुकानातच टाकून मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. घरी भाजी आली नाही, पण तिचं कौतुक झालं.

मीही वाट बदलली असती. मी काही धीट मुलगी नव्हते. वर्गात सरांनी हजेरी घेताना माझं नाव पुकारलं, तरी माझा आवाज आधी घशात अडकायचा. पण मला त्या माणसाला एक गोष्ट विचारायची होती आणि माझ्या वतीने ती विचारायला कुणी तयार नव्हतं.

मी खोपोलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज आतून पाहिलं नव्हतं. बाबा सहीपुरते शिकलेले, आई तेवढंही नाही. परीक्षा चैत्रात होती आणि लग्न माघात धरलं होतं. लग्न झाल्यावर मला परीक्षेला बसू देणार का, आणि त्याच्या पुढच्या वर्षाचं काय? एवढंच मला हवं होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आता त्ये त्यांच्या घरचं ठरवतील." त्यांच्या घरच्यांना मामाने विचारलं तर त्यांनी सांगितलं, "बघू." आमच्या भागात हा शब्द काय करतो ते मला माहीत होतं. माझी थोरली बहीण ह्याच शब्दावर सातवीतून घरी बसली होती.

माझा होणारा नवरा कुंभिवलीचा. हायवेवरच्या एका कारखान्यात कामाला होता. शिळफाट्याला ज्या थांब्यावर मी एसटीची वाट पाहायची, तिथेच पाळी सुटल्यावर तोही यायचा आणि मला पाहिलं की पानाच्या गादीआड जायचा. तोही रीतच पाळत होता. भातं झोडून झाली होती, मार्गशीर्ष लागला होता, लग्नाच्या याद्या सुरू झाल्या होत्या. एका संध्याकाळी मी सरळ त्या गादीच्या आड गेले.

"मला बोलायचंय," मी म्हणाले.

त्याने आधी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलत्येय की काय. मग म्हणाला, "हितं?"

"हितं नाय. बसून बोलायचंय."

"मग घरी येऊ?"

"घरी तुमी आलात तर मी चुलीपाशी असनार. आन् तुमी बाबांशी भाताचं बोलनार."

तो हसला. त्याला हसू येतं हे मला तेव्हा कळलं. साखरपुड्याला तो टोपी सांभाळत मान खाली घालून बसला होता.

"मग कुटं?"

"हाटेलात," मी म्हणाले. पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला. मी तिथून निघून आले आणि एसटीत बसल्यावर मला दरदरून घाम फुटला.

खरं सांगायचं तर मी तोवर कुठल्याच हॉटेलात बसले नव्हते. कॉलेजात नाव घालायला बाबांबरोबर आले होते, तेव्हा ते आत जाऊन चहा पिऊन आले होते आणि माझ्यासाठी कागदात बांधून भजी आणली होती. ती मी बाहेर उभं राहून खाल्ली. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. बाई बाहेर उभी राहते, पुरुष आत जाऊन येतो, एवढं साधं होतं ते.

पुढचे काही दिवस आमची हॉटेलं निवडणं चाललं. थांब्यावर एसटी येईपर्यंत जेवढं बोलता येईल तेवढं, तेही दोघांनी रस्त्याकडे तोंड करून. तो एकेक नाव काढायचा.

"खालापूरला कचेरीसमोरचं हाय. बाकडी बरी हायत."

"तितं सातबाऱ्याला आलेलं आख्खं गाव बसलेलं असतं."

"मग कर्जत. टेशनाबाहेरचं. शटलनं जाऊ, येऊ."

"कर्जतला तुमची आत्या नाय का?"

"आत्या हाय," तो म्हणाला. "आन् ती दिवसभर दारातच बसलेली असती." मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं म्हणाला, "लोनावळा. घाट चढला का आपल्याला कोन वळखतंय?"

लोणावळ्याच्या नावाने मला राग आला. का आला ते तेव्हा सांगता आलं नाही. मी फक्त म्हणाले, "आपन काय कुनाचं चोरलंय?"

मी हे सगळं माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं. ती खोपोलीचीच, तिचे वडील कारखान्यात फोरमन, आणि घरच्यांबरोबर ती हॉटेलात जात असे. तिला ह्या विषयातलं सगळं माहीत होतं.

"इराण्याकडे अजिबात नको," ती म्हणाली. "भिंतीभर आरसे आहेत. तू पाठ करून बसलीस तरी तुझं तोंड सगळ्या हॉटेलाला दिसणार. खानावळीत जाशील तर तिथे ट्रकवाले असतात. शिळफाट्याच्या उडप्याकडे जा. त्याच्याकडे फॅमिली रूम आहे."

"म्हणजे काय?"

"लाकडाच्या आडभिंतीची खोली असते, पुढे पडदा. बायकांना घेऊन येतात ते तिथे बसतात. वेटर पण खाकरून आत येतो. आणि हे बघ, मसाला डोसा सांग. बोलताना तोंडाशी थांबवता येतो. वडा सांगितलास तर रस्सा सांडशील."

त्या रात्री मी हिशेब लावत पडले होते. खालापूर, कर्जत, लोणावळा, इराणी, उडपी. एवढ्या जागा आम्ही मोजल्या, पण कुठे खायला चांगलं मिळतं हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. प्रत्येक जागेला आम्ही एकच माप लावलं होतं, कोण बघेल. सगळ्या गावासमोर आम्हाला पाटावर बसवून साखर वाटली होती, आणि आता एकमेकांशी बोलायला आम्हाला आडोसा लागत होता. तरीही मी शेवटी पडदाच निवडला. तेवढंच धाडस माझ्यात होतं.

आईला मात्र मी खोटं सांगितलं नाही. ती परसात भांडी घासत होती.

"उद्या मला यायला उशीर होईल," मी म्हणाले. "मी हाटेलात जानार हाय. त्यांच्याशी बोलायला."

"कुनाशी?"

"कुंभिवलीच्या."

तिचा राखेचा हात तसाच राहिला. "येडी का खुळी गं तू? कुनी बघितलं तर?"

"पडदा असतो तितं."

"पडद्याआड जानार? मंग तर आनखीनच." ती बराच वेळ पातेलं घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय तू सांगितलं नाय. आन् येनी नीट घाल जाताना."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही त्या हॉटेलात गेलो. तो पुढे, मी मागे, मध्ये माणूस जाईल एवढं अंतर. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कारखान्याच्या तेलाचा वास जावा म्हणून इतका साबण लावला होता की मला त्याचा वास मागूनही येत होता. आत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता. बहुतेक टेबलं भरलेली होती, पाळी सुटलेली माणसं, घाट चढायच्या आधी थांबलेले ड्रायव्हर, बाजाराला आलेले शेतकरी. बाई एकही नव्हती. उजव्या हाताला हिरवा पडदा होता. आम्ही तिकडे वळलो तेवढ्यात गल्ल्यावरच्या मालकाने हाक मारली.

"मिस्टर, लग्न झालेलं आहे का?"

"व्हायचंय," तो म्हणाला. "साखरपुडा झालाय."

"मग आत नाही बसता येणार. फॅमिली रूम फॅमिलीसाठी आहे. मागे एकदा फार भानगड झाली इथे. मुलीचे भाऊ आले होते." माणूस वाईट नव्हता, अजिजीनेच बोलत होता.

"मग आमी बसायचं कुटं?"

"तुम्ही बसा ना इथे कुठेही." मालकाने बाहेरच्या टेबलांकडे हात केला आणि मग माझ्याकडे पाहून तो हात खाली घेतला. "पण ह्यांना... बाहेर बाईमाणूस बसत नाही हो. मी नको म्हणत नाही. बसतच नाहीत."

जवळच्या टेबलावरची माणसं ऐकत होती. मी तिथे उभी होते आणि माझ्या डोक्यात ते सगळं हळूहळू उतरत होतं. लग्न झालं नाही म्हणून पडद्याआड बसायचं नाही. बाई आहे म्हणून पडद्याबाहेर बसायचं नाही. म्हणजे लग्नाच्या आधी काही विचारायचं असेल, तर त्या मुलीला बसायला ह्या हॉटेलात जागाच नव्हती. हॉटेलात नव्हती, घरात नव्हती, गावातही नव्हती. आणि लग्न झाल्यावर जागा मिळाली असती, पण तेव्हा विचारण्यासारखं काही उरलं नसतं.

"चल," तो हळूच म्हणाला. "जाऊ दे. पुन्यांदा कवातरी."

दाराजवळचं टेबल रिकामं होतं. रस्त्याच्या अगदी समोरचं, तिथे बसलेला माणूस शिळफाट्यावरच्या प्रत्येकाला दिसावा असं. मी खुर्ची ओढली आणि बसले. फार निर्धाराने बसले असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. सगळे बघत असताना उभं राहवेना आणि ती खुर्ची सगळ्यांत जवळ होती. मात्र बसल्यावर मी ठरवलं की आता उठायचं नाही.

तो क्षणभर उभाच राहिला. मग समोर बसला.

वेटर आला आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागला. मालक काय म्हणतो म्हणून तो गल्ल्याकडे बघत होता. मालकाने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"मसाला डोसा," मी म्हणाले. आवाज घशात अडकला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं.

"मला पन त्येच," तो म्हणाला.

डोसा यायच्या आत मी विचारून टाकलं. मला फिरवून बोलता येत नाही. परीक्षा चैत्रात आहे, लग्न माघात आहे, मला बसू द्याल का, आणि पुढचं वर्ष करू द्याल का. त्याने पाण्याचा पेला हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"मला चालंल," तो म्हणाला. "पन आई..."

"आईंना मी मागनं विचारीन. आदी तुमाला विचारते."

"मला चालंल म्हनलो ना." मग पेल्याकडे बघत म्हणाला, "मी नववीतनं सुटलो. तुला म्हायत हाय ना? तू पंधरावी होशील. मंग तू माझ्याशी बोलशील काय?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस फक्त माझ्याच भीतीचा विचार करत होते. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता.

"मग आत्ता काय करतेय?" मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात दारात आमच्या गावचे काका उभे राहिले. बाबांचे चुलतभाऊ, आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. भात भरडायला खोपोलीच्या गिरणीत आले होते, अंगावर कोंडा होता. त्यांनी आधी मला पाहिलं, मग त्याला, आणि मग सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय गं, तुजा कालेजाचा वर्ग हितं भरतो काय?"

दोनचार टेबलांवर हसू फुटलं. तो उठून उभा राहिला. मोठ्या माणसासमोर उठायची सवय, की पळायचं होतं, मला कळेना. तो आत्ता निघून गेला, तर मी ह्या टेबलावर एकटी बसलेली बाई होणार होते.

"काका, बसा," त्याने आपली खुर्ची पुढे केली. "चा घ्या."

"चा नको मला. लगीन तोंडावर आलंय, तेवढा दम धरवंना काय रं तुला?"

"दम धरायचंच चाललंय, काका," मी म्हणाले. "लगीन माघात नको, परीक्षा झाल्यावर करायचं. त्येच बोलतोय आमी."

आम्ही लग्नाच्या तारखेबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी फक्त परीक्षेला बसू द्याल का एवढंच विचारलं होतं. पण विनवून मिळालेल्या परवानगीचा 'बघू' व्हायला किती दिवस लागतात, हे मला बहिणीवरून माहीत होतं. लग्नच पुढे गेलं, तर कुणाची परवानगी लागणार नव्हती. हे सगळं मी आज मांडून सांगते आहे. तेव्हा ते तोंडातून निघून गेलं.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "खरं काय रं?"

ड्रायव्हर लोकांनी चहाच्या बशा हातातच धरल्या होत्या. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याला खुणावलं नाही, मान हलवली नाही. मला खरंच कळत नव्हतं तो काय म्हणेल.

"हां," तो म्हणाला. "वैशाखात करू."

"आन् तुज्या आयशीला इचारलंस?"

"अजून नाय. मी सांगतोय ना." त्याचा आवाज थोडा चढला, कारण तो कापत होता. "आन् फुडलं वरीस पन करंल ती. आमच्या घरनं एसटी हायच की."

काका शेजारच्या टेबलावर आमच्याकडे पाठ करून बसले आणि त्यांनी चहा मागवला. पाठ होती, पण कान इकडेच होते.

मग डोसे आले. ताटलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. आमच्या घरात पुरुषांची जेवणं झाल्याशिवाय बायका बसत नाहीत. मी कुठल्याही पुरुषासमोर बसून आजवर घास तोंडात घातला नव्हता, बाबांसमोरही नाही. पहिला तुकडा मी मोडला तेव्हा सगळं हॉटेल माझ्या तोंडाकडे बघतंय असं मला वाटलं. कदाचित बघतही असेल. मी खाल्लं. चटणी तिखट होती, मी ती पुन्हा मागितली. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग तोही खाऊ लागला, घाईने, पुढ्यातलं कुणी उचलून नेईल असा.

परतीच्या एसटीत काका माझ्या पुढच्या बाकावर होते. खालापूर यायच्या आतच त्यांनी शेजाऱ्याला सांगायला सुरुवात केली. खालापूरला जे चढले त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत ऐकत होते. प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर पडत होती, एकदा तर आमच्यासमोर आइस्क्रीमही आलं. पण शेवट मात्र ते दर वेळी नीट सांगत होते, "आन् पोरगा म्हनतो, लगीन वैशाखात."

एसटीतून उतरल्यावर काका झपझप पुढे गेले, त्यामुळे मी घरी पोचले तेव्हा बाबांना कळलेलं होतं. ते ओटीवर बसले होते. आई दारात उभी होती, काहीच माहीत नसल्यासारखी.

"तू बोललीस त्याच्याशी?" बाबांनी विचारलं.

"मी बोलले."

"आन् तो बोलला वैशाखाचं?"

"चारचौघांत बोलला. काका होते."

ते ओरडतील असं मला वाटत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "चारचौघांत?" आणि ते मनात काहीतरी मोजू लागले. मला नंतर समजलं की ते काय मोजत होते. पडद्याआड तो हेच म्हणाला असता, तर त्या बोलण्याला काहीही किंमत नव्हती. त्याच्या आईने म्हटलं असतं, माझा लेक असं म्हणालाच नाही, आणि तिथेच ते संपलं असतं. आता ते गिऱ्हाइकांनी भरलेल्या हॉटेलात बोलून झालं होतं आणि एसटीभर पसरलं होतं.

कुंभिवलीहून निरोप यायला वेळ लागला नाही. हॉटेलात बसणारी सून आम्हाला नको, असा तो निरोप होता. आई त्या दिवशी जेवली नाही. मीही जेवले नाही. माझ्यामुळे सगळं मोडलं असं घरातलं कुणी म्हणालं नाही, पण सगळे दबक्या पावलांनी वावरत होते. मी पुस्तक उघडून बसायची आणि एकही ओळ डोक्यात शिरायची नाही. तरीही मला एकदाही वाटलं नाही की मी त्या खुर्चीवर बसायला नको होतं. वाटेल म्हणून मी वाट पाहिली. वाटलं नाही.

बाबा काकांना घेऊन कुंभिवलीला गेले. काकांना जायचं नव्हतं. पण एवढ्या लोकांना सांगून झाल्यावर, मी काही ऐकलंच नाही, असं आता त्यांना म्हणता येईना. तिथे काय झालं ते मला काकांकडूनच कळलं, त्यामुळे त्यातलं किती धरायचं ते मी सांगू शकत नाही. त्याची आई म्हणाली की असली पोरगी घरात कशी आणायची. बाबा म्हणाले, "माजी पोर बसलीवती, तसा तुमचा पोरगा पन बसलावता. एकाच टेबलाला. एकाला नको म्हनायचं तर दोगांना म्हना." आणि तो, माझा होणारा नवरा, आतल्या दारातून बाहेर येऊन म्हणाला, "मी बोललोय, आई. मला आता खाली बघायला लावू नको."

संध्याकाळी बाबा परत आले. पाय धुतले, ओटीवर बसले, आईच्या हातातून पाणी घेतलं.

"वैशाख," ते म्हणाले.

मी परीक्षेला बसले ती माझ्या माहेरच्या घरातून. पुढच्या वर्षासाठी मला सासरी पुन्हा भांडावं लागलं. एक विषय राहिला, तो मागून काढला. सासूबाईंनी मला ते हॉटेल कधी विसरू दिलं नाही. भाकरी करपली तरी त्या म्हणायच्या, "हाटेलातनं शिकून आलीय." सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण गावात अजूनही कुणी म्हणतं, हिने हॉटेलात बसून आपल्या लग्नाची तिथी फिरवली. लोक ते हिणवायला म्हणतात. मी ऐकून घेते आणि नाकारत नाही. फिरवली.